कोंबड्यांचे आजार आणि रोजची निगा: शंका, अनुभव, उपाय

परसदार

नमस्कार मंडळी. घरापुरत्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आजारांची माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढतेय. हजारो पक्ष्यांच्या फार्मबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण पंधरा-वीस पक्षी असलेल्याने नेमकं काय बघायचं, हे शोधावं लागतं.

सुरुवात माझ्या अडचणीने करते. महिन्याभराची पिल्लं आहेत. कालपर्यंत उड्या मारत होती. आज सकाळी त्यातली तीन पिसं फुलवून, पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली दिसली. बाकीची दाण्यावर तुटून पडली तरी ही जागची हलली नाहीत. खालचा भुसा उचकटून पाहिला तर विष्ठेत ताजं लाल रक्त. पाणी थोडं पितायत, खात नाहीत. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की पाण्यात अँटिबायोटिक टाका आणि सोबत बी-कॉम्प्लेक्स द्या. देऊ का?

दुसरं, मोठ्यांपैकी एका कोंबडीची मानेची पिसं गळतायत आणि ती अंडी द्यायची थांबलीय. बाकी ठणठणीत आहे. हाही आजारच का?

दाणापाणी

ताई, बी-कॉम्प्लेक्स आत्ता अजिबात देऊ नका. कारण पुढे लिहितो.

महिन्याभराचं वय, पिसं फुलवून बसणं आणि विष्ठेत रक्त, हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि ते फोडून बाहेर पडतो. त्याच्या बऱ्याच जाती आहेत. ताजं लाल रक्त पडतं ते बहुतेक वेळा आयमेरिया टेनेलामुळे, तो आंधळ्या आतड्यात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या बंद पिशव्यांत, घर करतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना याचा त्रास सगळ्यात जास्त.

विष्ठेतून पडलेली त्याची बीजं लगेच रोग देत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि मग पिल्लू भुसा टोचता टोचता ती गिळतं. त्यामुळे पाण्याच्या भांड्याभोवतीची हातभर जागा आधी बघा. तिथला भुसा मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गोळा सैल होऊन सुटला तर ठीक. मुठीत धरलाच गेला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडा, मग श्वासाचा त्रास होतो. ही परीक्षा रोज करण्यासारखी आहे, हाताला सवय लागते.

आज काय करायचं: तिन्ही पिल्लं वेगळी काढा, उबेत ठेवा. ओला भुसा पूर्ण काढून लांब टाका आणि कोरडा घाला. पाण्याचं भांडं विटेवर चढवा, त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे त्यात पाय जात नाहीत आणि पाणी कमी सांडतं. औषध यावर अँप्रोलियम. ते सगळ्या पिल्लांना द्यायचं, कारण बाकीच्यांनीही तोच भुसा टोचलाय. फिनाईल शिंपडून ही बीजं मरत नाहीत, नेहमीची बहुतेक जंतुनाशकं त्यांना पुरी पडत नाहीत. कोरडेपणा आणि कडक ऊन हेच खरे उपाय.

मानेची पिसं गळणारी कोंबडी एक वर्षाच्या पुढची असेल आणि जुन्या पिसांच्या जागी बारीक नळ्यांसारखी नवी पिसं टोचून वर येत असतील तर तो पीसबदल आहे. दोन-तीन महिने चालतो, तोवर अंडी बंद. प्रथिनं वाढवा, हाताळू नका, नवी पिसं दुखतात.

पशुवैद्य

दाणापाणींनी नीट लिहिलंय. मी औषधाचं गणित देते, कारण तिथेच गोंधळ होतो.

अँप्रोलियमचं प्रमाण पाण्यात ०.०१२ ते ०.०२४ टक्के. म्हणजे एक लिटर पाण्यात १२० ते २४० मिलिग्रॅम मूळ औषध. पण पुडीत सगळं औषध नसतं. पुडी २० टक्क्यांची असेल तर एका लिटरला साधारण ०.६ ते १.२ ग्रॅम पूड लागेल. आजार दिसत असताना वरचं प्रमाण, तीन ते पाच दिवस, मग कमी प्रमाणात पुढे एक-दोन आठवडे. पुडीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय चमच्याने टाकू नका. पाणी रोज नवं करा आणि त्या काळात दुसरं साधं पाणी पिल्लांपुढे ठेवू नका.

बी-कॉम्प्लेक्स का नको? अँप्रोलियमची रचना थायमिनसारखी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी त्याला थायमिन समजून घेतो आणि उपाशी मरतो. सोबत खरं थायमिन दिलं तर औषधाचा परिणामच घटतो. जीवनसत्त्वं द्यायचीच तर औषधाचा क्रम संपल्यावर द्या.

अँटिबायोटिक आयमेरियावर चालत नाही. रक्त दिसलं की अँटिबायोटिक, हगवण दिसली की अँटिबायोटिक, शिंक आली की तेच, ही सवय मला फार काळजीची वाटते. मूळ आजार तसाच राहतो आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. शक्य असेल तर ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकाकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली ही बीजं थोड्या वेळात दिसतात. खात्री करायचा याहून सोपा मार्ग नाही.

निळा तुरा

मध्येच विचारतो. माझ्या कोंबड्या अधूनमधून चिकट, गडद तपकिरी, उग्र वासाची विष्ठा टाकतात. एरवीची घट्ट असते, वर पांढरा थर असतो. हीसुद्धा हगवण का?

पशुवैद्य

नाही, ती निरोगी आहे. आंधळ्या आतड्यातली विष्ठा तशीच असते, आठ-दहा वेळांतून एकदा पडते. पांढरा थर म्हणजे लघवीतलं युरिक आम्ल, पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. काळजी कशाची करायची ते सांगते: रक्त, सतत हिरवट पातळ, फेसाळ पिवळी, किंवा लहान पिल्लांच्या बुडाला चिकटून बसणारी पांढरी. शेवटचं दिसलं तर कोमट पाण्याने बूड पुसून मोकळं करा, वाळलेला गोळा ओढून काढू नका, कातडी सोलते. ऊब कमी पडतेय का, हेही लगेच तपासा. अनेक पिल्लांना एकदम पांढरी हगवण लागून मर सुरू झाली तर साल्मोनेला या जिवाणूचा संशय घ्यायचा.

ऊब पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गार वाटतंय. कडेला पांगून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरून खात-झोपत असतील तर बरोबर.

माळरान

आमच्या एका तलंगेची मान पिळली गेलीय. डोकं उलटं होतं, दाणा टिपायला गेली की नेम चुकतो. सगळे म्हणतात मानमोडी आहे, मारून टाका. एकच पक्षी आजारी आहे, बाकीच्या नीट आहेत. काय करू?

पशुवैद्य

एवढ्यावरून मानमोडी ठरवू नका, आणि ती नाहीच असंही धरू नका. मान नेमकी कशी आहे ते जवळ बसून बघा.

मानमोडीत, म्हणजे राणीखेतमध्ये, मान बाजूला पिळली जाते, पक्षी गोल फिरतो, पाय-पंख लुळे पडू शकतात. पण सहसा त्याआधी किंवा सोबत कळपात दुसरी लक्षणं दिसलेली असतात: हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास घेणं, अंडी एकदम घटणं किंवा पातळ कवचाची येणं, काही पक्षी पटापट मरणं. हा विषाणूचा आजार. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला त्याची पहिली नोंद झाली, पुढच्या वर्षी भारतात राणीखेत या गावी, त्यावरूनच हे नाव. त्यावर आजही औषध नाही.

मान मागे ओढली जाऊन चोच आभाळाकडे राहत असेल तर थायमिनची कमतरता असू शकते. अँप्रोलियम प्रमाणाबाहेर किंवा फार दिवस दिलं तरी हे होतं. साधारण दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लांना ई जीवनसत्त्व कमी पडलं, विशेषतः जुनं, खवट वास येणारं खाद्य दिलं, तर तोल जातो आणि मान वाकडी होते.

मान अगदी लुळी, जमिनीवर टेकलेली, पापण्या जड, पिसं हलकी ओढली तरी सुटतायत, असं दिसलं तर बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणारा लुळेपणा. कुजलेल्या मेलेल्या जनावरावरच्या अळ्या खाल्ल्याने होतो. अशा वेळी आवारात कुठे काही कुजतंय का ते शोधायला आधी बाहेर पडा.

शिवाय डोक्याला मार लागला असेल, हीही शक्यता असते. तुमची एकटीच असेल तर तिला वेगळी ठेवा, चोचीजवळ भांडं धरून पाणी पाजा, कळपाची लस कधी झाली ते मला सांगा. इतरांत एकही लक्षण दिसलं तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

माळरान

मान मागे ओढलेली नाही, डाव्या बाजूला पिळलीय. लस झालेली नाही. बाकीच्यांची विष्ठा तपासली, हिरवट नाही. वेगळी केलीय.

पशुवैद्य

लस झालेली नाही म्हणजे राणीखेतचा संशय बाजूला सारता येणार नाही. राणीखेतमधून वाचलेल्या पक्ष्याची मान कायमची वाकडी राहू शकते. आधी कधी सौम्य सर्दी-हगवण येऊन गेली होती का ते आठवून बघा. तिच्याकडे जाताना शेवटी जा, आधी निरोगी पक्ष्यांचं करा, चपला वेगळ्या ठेवा. नमुना तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत एकही पक्षी कुणाला देऊ नका, विकू नका.

रातकिडा

आजारांच्या यादीत उवा आणि तांबडे किडे मागे पडतात, म्हणून त्यांच्यावर सविस्तर लिहिते. घरगुती कळपात यांच्याइतका मुकाट त्रास दुसरा नाही.

उवा चोवीस तास अंगावरच राहतात. कोंबडी उलटी धरा आणि बुडाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर, चपट्या, सरसर पळणाऱ्या दिसतील, आणि पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे गठ्ठे चिकटलेले.

तांबडा किडा वेगळा. दिवसा शोधाल तर अंगावर एकही सापडणार नाही. तो खुराड्याच्या फटीत, बसायच्या दांड्याच्या खालच्या बाजूला, खिळ्यांच्या भोकात लपतो आणि अंधार पडला की रक्त प्यायला वर चढतो. रात्री टॉर्च घेऊन जा आणि दांड्याच्या खालून पांढरा कपडा दाबून पुसा. कपड्यावर लाल रेघा उमटल्या की समजा. उपाशी किडा करडा असतो, रक्त प्यायल्यावर लाल होतो. कोंबड्यांचं वागणंही सांगतं: संध्याकाळी खुराड्यात शिरायला नकार, तुरा फिकट, अंडी कमी, खुडुक कोंबडी अंड्यांवरून उठून जाणं. पिल्लू तर रक्त कमी होऊन मरूही शकतं.

त्यामुळे उपचाराची जागा बदलते. उवांसाठी कोंबडीला औषध, किड्यांसाठी खुराड्याला. खुराडं रिकामं करून फटी ब्रशने खरवडा, दांडे काढून उन्हात टाका, मग पक्ष्यांसाठी चालणारं कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात फटींमध्ये मारा. एकदा करून भागत नाही, कारण अंडी वाचतात. उबदार हवेत किड्याची पुढची पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, तेवढ्या अंतराने पुन्हा करायचं. आणि खुराडं काही महिने रिकामं ठेवलं तर किडे मरतील या भरवशावर राहू नका, ते कित्येक महिने उपाशी तग धरतात.

धूळस्नानासाठी कोरडी माती आणि राख असलेला खड्डा हवाच. कोंबडी स्वतःची बरीच साफसफाई स्वतः करते, तिला जागा द्या.

पायाचे खवले वर उचलले जाऊन पाय जाड, चुनखडीसारखे दिसत असतील तर तो खवल्यांखाली राहणारा वेगळा किडा. कोमट पाण्यात पाय भिजवून मऊ ब्रशने घासा आणि खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली चोपडा, काही आठवडे नियमाने. रॉकेल लावायचा सल्ला मिळतो, तो मानू नका, कातडी भाजते.

तलंग

रातकिडाताई, टॉर्च घेऊन बघून आले. दांड्याखालून कपडा पुसला तर लाल झाला. खूप आभार, फिकट तुऱ्याचं कारण मी खाद्यात शोधत होते.

माझा दुसरा प्रश्न. रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येते, दोघींच्या डोळ्यात फेस येतो. खातात मात्र नीट.

दाणापाणी

खाणं चालू, घरघर आणि डोळ्यात बुडबुडे, म्हणजे बहुधा मायकोप्लाझ्मा या जिवाणूची जुनाट सर्दी. तोंड एका बाजूने सुजून नाकातून घाण वासाचा स्राव येत असेल तर कोरायझा, हीही जिवाणूचीच सर्दी. दोन्हींवर औषधं आहेत, पण ती पशुवैद्यकाने ठरवावीत. हे पक्षी बरे दिसले तरी जंतू अंगात बाळगून राहतात. मायकोप्लाझ्मा तर अंड्यातूनही पिल्लात उतरतो, तेव्हा या दोघींची अंडी उबवायला ठेवू नका.

त्याआधी एक करा. सकाळी खुराडं उघडायच्या आत तिथे वाका, नाक कोंबडीच्या उंचीला आणा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साचलाय. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास तो श्वासनलिकेतलं बारीक केसांचं अस्तर खराब करू लागतो आणि मग कुठलाही जंतू सहज आत शिरतो. उभ्या माणसाला जो वास जाणवत नाही, तो ती रात्रभर घेत असते. वरच्या बाजूला जाळी ठेवा, हवा वरून खेळू द्या, झोपलेल्या पक्ष्यावर थेट झोत नको.

जुनं खोड

लहानपणापासून कोंबड्या बघतोय. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी पक्ष्यांना लस लागत नाही असं माझं मत आहे. त्यांच्यात मुळातच ताकद असते. जे तगतात त्यांचीच पिल्लं पुढे वाढवावीत.

पशुवैद्य

काका, गावठी पक्षी काटक असतात हे खरं. जंत, उन्हाळा, कमी-जास्त खाद्य ते निभावून नेतात. पण राणीखेतच्या जहाल विषाणूपुढे हा काटकपणा पुरत नाही. लस न झालेल्या कळपात मर जवळजवळ शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, आणि मग निवड करायला कुणी उरत नाही. तुम्ही म्हणता ती निवड जंतांच्या बाबतीत जरूर करा. मानमोडीला मात्र लस हवी.

परसदार

माझी पिल्लं सावरली. औषध सुरू केल्यावर रक्त थांबलं, दोन खायला लागली, एक मात्र गेलं. आता लसींचं सांगाल का? कुपीत शंभर डोस, माझ्याकडे पक्षी मोजके.

पशुवैद्य

सावरलेल्या दोघांना आता जीवनसत्त्वं द्या.

लसींचा साधारण क्रम असा: मॅरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणारा विषाणूचा आजार) पहिल्याच दिवशी, उबवणी केंद्रात. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणूचा आजार). चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची, पंखाच्या पातळ पडद्यात टोचून. आठ आठवड्यांनंतर राणीखेतची आर-२-बी, कातडीखाली. तुमच्या भागात कोणते रोग आहेत त्यानुसार डॉक्टर यात बदल करतील. देवीची लस दिली की सात ते दहा दिवसांनी टोचल्या जागी गाठ आलीय का ते बघा. गाठ नाही तर लस लागली नाही.

कुपी मोठीच येते, म्हणून चार-पाच पाळणाऱ्यांनी एकच दिवस ठरवून घ्यावा. लस २ ते ८ अंशांत, बर्फावर आणायची. कालवल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. पाण्यातून देत असाल तर नळाचं क्लोरीनवालं पाणी नको, क्लोरीन लसीतला जिवंत विषाणू मारतो. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

लस झालेला पक्षीही विषाणू पसरवू शकतो. म्हणून नवा पक्षी आणला की तीन ते चार आठवडे वेगळा, भांडीही वेगळी.

निळा तुरा

अंडं अडकलं तर काय करायचं? आमची एक सकाळपासून शेपूट खाली करून जोर करतेय.

रातकिडा

तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग पुसून अंधाऱ्या, उबदार, शांत खोक्यात ठेवा. कॅल्शियम द्या. दाबून अंडं काढू नका, आत फुटलं तर जंतूसंसर्ग होऊन पक्षी हातचा जातो. काही तासांत सुटली नाही तर डॉक्टर. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. पण तेच खाद्य पिल्लांना घालू नका, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की जिला हवा ती खाते.

दाणापाणी

खाद्याचा विषय निघालाच आहे तर, बुरशी लागलेला दाणा "कोंबड्या खातील" म्हणून घालू नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की मेल्या, आणि शोध घेतला तेव्हा कारण निघालं बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष त्यातूनच कळलं. उन्हात वाळवून बुरशी मरते, विष राहतं.

माळरान

तपासणीचं कळलं, राणीखेतच. ती तलंग गेली. बाकीच्यांचं डॉक्टर बघतायत. पुढे पक्षी मेला तर तपासणीसाठी कसा न्यायचा? ताजा असताना नेला नाही म्हणून अडचण येऊ नये.

पशुवैद्य

वाईट वाटलं. वेळेवर वेगळी केलीत हे फार चांगलं झालं.

मेलेला पक्षी हातमोजे घालून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधा आणि बर्फासोबत थंड ठेवा. गोठवू मात्र नका, गोठवलं की आतले अवयव तपासायला निरुपयोगी होतात. चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. सोबत कागदावर लिहा: वय, एकूण पक्षी किती, किती आजारी, किती मेले, कोणती लस कधी झाली, कोणतं औषध चालू आहे.

एक अपवाद. एकदोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, तुरे-कल्ले निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, तर बर्ड फ्लूचा संशय घ्या. तेव्हा पक्षी उचलून कुठेही नेऊ नका, कापू नका, मुलांना लांब ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. नमुने तेच येऊन घेतील.